न पाहता काढलेला हंसराज

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. जाळीच्या एका कोपऱ्याला कुणीतरी म्हशीचा दोर बांधून ठेवलाय. ओट्याशेजारी मुरमाचा ढीग आणि ढिगाशेजारी ट्रॅक्टर. त्याचा ड्रायव्हर सावलीला बसून मोबाइलवर काहीतरी पाहतोय. मुरमाला ओल्या लोखंडासारखा वास येतो. बाकी कशाला काही वास नाही. पूर्वी ह्या जागेला शेवाळाचा, ओल्या दोराचा आणि बैलांच्या अंगाचा वास असायचा.

चार दिवसांपूर्वी सुशीचा फोन आला. सुशी म्हणजे सुशीला, चौथीपर्यंतची माझी मैत्रीण, गावच्या किराणावाल्यांची मुलगी. लग्न होऊन समुद्रपूरला गेली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आली, ती इथंच राहिली. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली आहे, फोन भाची लावून देते. ख्यालीखुशाली काही विचारली नाही. एवढंच म्हणाली,

"आपली इहीर बुजवून राह्यले. पाह्याची असन तं येजो."

मी फोन ठेवला आणि पिशवी भरली. हिंगणघाटपर्यंत बस, पुढं ऑटो.

ह्या गावात मी जन्मले. ह्या विहिरीचं पाणी प्यायले, त्याच पाण्यात शिजलेलं वरण खाल्लं. पण ह्या विहिरीत मी कधी वाकून पाहिलेलं नाही, आणि हे आता जगात फक्त सुशीला माहीत आहे. आम्ही गावाच्या पलीकडच्या मोहल्ल्यातले. आमच्या बायांनी डोणीजवळ घागर ठेवायची आणि ओट्यावरून कुणी पाणी ओतेल त्याची वाट पाहायची. डोणी म्हणजे ढोरांना पाणी पाजायचं दगडी टाकं. बैलांनी तिथं प्यायचं, आम्ही तिथं थांबायचं. आजकाल चांगल्या घरांत ही गोष्ट आवाज खाली करून सांगतात. मला आवाज खाली करायचं कारण दिसत नाही.

डोणी अजून आहे. तिच्यात सिमेंटची रिकामी पोती टाकली आहेत. लहानपणी डोणीपासून विहिरीच्या काठापर्यंत नजरेनं मोजलेली बारा पावलं होती. आज चालून पाहिली तर सात भरली.

*

शनिवारी सकाळची शाळा असायची. आमची शाळा बुनियादी होती, म्हणजे आधी टकळीवर सूत आणि मग पाटी. पेळूचा वास बोटांना दिवसभर राहायचा, कापसाचा, किंचित तेलकट. चाळीस टकळ्या एकदम फिरायला लागल्या की वर्गात मधमाश्यांचं मोहोळ बसल्यासारखा आवाज व्हायचा. तो आवाज थांबला की आम्हाला कळायचं, आता गुरुजी उठले, आता बाहेर.

गुरुजी वर्ध्याकडून बदलून आले होते. सडपातळ, जाड खादी, आणि खिशात भिंग. भिंगाला त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची पिशवी शिवली होती. शनिवारच्या ह्या फिरण्याला ते सृष्टिनिरीक्षण म्हणत. आम्ही 'फिराले जानं' म्हणायचो. ओळ लागली की ते म्हणायचे, "हात?" आम्ही ओरडायचो, "मागं!" "डोळे?" "पुढं!" मग दोन्ही हात पाठीमागं बांधून आम्ही गावातून निघायचो. लोक हसायचे. ओसरीवर बसलेली म्हातारी माणसं म्हणायची, "चालली पाय गुरुजीची चोराईची बारात!"

हात मागं का, तर काही तोडायचं नाही, काही उचलायचं नाही. जे असेल ते तिथंच पाहायचं, मग झाडाखाली बसून वहीत काढायचं. आणि एक नियम त्याहून मोठा, तो ते प्रत्येक शनिवारी सांगत: "पाहिलं तेच काढायचं. ऐकलं ते काढायचं नाही. ऐकलेलं दुसऱ्याचं असतं."

जिवांच्या राहण्याच्या जागेला गुरुजी 'घर' म्हणत. वर्षभरात आम्हाला पाच घरं पाहायची होती. नाला, वारूळ, मोहाची ढोली, वावरातली भेग आणि विहीर. प्रत्येक घराला वहीत दोन पानं. डाव्या पानावर चित्र, उजव्या पानावर तिथं कोण राहतं, काय खातं, कोणाला भितं.

भादव्यात नाला. पाणी निवळलेलं, तळाची रेती दिसायची. गोडसर कुजका वास, मुळांचा. पाण्यावर पाय न बुडवता पळणारे किडे होते, त्यांची सावली मात्र तळाशी बुडालेली असायची, आणि सावलीच्या पायांना गोल गोल टिकल्या. मी तो किडा काढायच्या आधी त्याची सावली काढली. गुरुजींनी वही उचलून सगळ्यांना दाखवली. घरी जाताना मी गावातून सरळ मान करून गेले.

दिवाळीनंतर कापूस फुटला की वारूळ, कारण वाट वावरातून जायची. बोंडांवर तांबड्या ढेकणांच्या रांगा. आई त्याच वावरात वेचणीला असायची, कमरेला ओटी बांधून. मला ओळीत हात मागं बांधून चालताना पाहायची आणि बाकीच्या बायांना म्हणायची, "हे पाय, माही साहेबीन!" बाया हसायच्या. एकदा एक बाई म्हणाली, "साहेबीन होऊन काय करन वं, वेचाले त हात पुढंच लागते." त्या दिवशी आईची ओटी सगळ्यांच्या आधी भरली.

थंडीत मोहाची ढोली, ढोलीत पिंगळा. तो आमच्याकडे पाहायचा आणि आम्ही त्याच्याकडे, आणि कोण कोणाचं निरीक्षण करतंय कळायचं नाही.

भेगा सगळ्यांत शेवटी, उन्हाळ्यात. आमची माती काळी. चैत्र सरता सरता ती अशी फाटते की पोराचा हात खांद्यापर्यंत आत जावा. गुरुजींनी आम्हाला वावरात पालथं झोपवलं आणि भेगेला कान लावायला सांगितलं. पाठ उन्हानं भाजत होती आणि कानात गार वारा येत होता, खालून. आत कुठंतरी रातकिडा होता.

"गुरुजी, यात भूत राह्यते का?" एका पोरानं विचारलं.

"राहतं," गुरुजी म्हणाले. "काय खातं ते विचारून वहीत लिही."

तो गारवा माझ्या कानाला अजून आहे. पुढं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ चांगल्या गोष्टी झाल्या, त्यांचं असं काही शरीरात राहिलं नाही.

*

विहिरीचं घर सांगायचं मी मध्येच सोडून दिलं. ते कार्तिकात झालं होतं.

त्या दिवशी ओळ डोणीजवळ आली आणि गुरुजी थांबले. आमच्या मोहल्ल्यातले आम्ही तिघं होतो, मी आणि दोन पोरं. डोणीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिच्या फांद्यांना सुगरणींची घरटी. गुरुजी त्या बाभळीकडे पाहत म्हणाले, "तुम्ही तिघं इथं सुगरण पाहा. हेही घरच आहे." आवाज अगदी मऊ. बाकीची ओळ पुढं गेली. कोणाला काही बोलावं लागलं नाही. गुरुजींनी ते इतकं नीट जमवलं होतं की मला वाटलं, खरंच आम्हाला जास्तीचं काहीतरी मिळालं.

पण वहीत विहिरीची दोन पानं कोरीच होती. आणि त्या वर्षी वह्या तपासायला डिप्टी साहेब, म्हणजे शाळातपासणीस, यायचे होते. हिंगणघाटच्या मिडल शाळेत मुलींसाठी वसतिगृहाची एक जागा होती, राहणं-जेवण सगळं त्यात. आमच्या शाळेतून एका मुलीचं नाव जायचं होतं आणि ते वही पाहून ठरणार होतं. बाबा हिंगणघाटला जिनात कापसाच्या गाठी उचलायचे. ते म्हणाले होते, "नाव लागलं तं धाडतो. नाई लागलं तं आपल्याच्यानं होत नाई." त्यांनी जिनातला एक पत्र्याचा डबा आणून, कापून, झाकण आणि कडी बसवून त्याची पेटी केली होती. पेटीला आतून निळा रंग दिला होता. माझे दोन परकर आणि एक पोलकं तिच्यात आईनं आधीच घालून ठेवलं होतं.

त्यामुळं मला विहीर हवीच होती.

सुशीला चित्र जमत नसे. तिचा बेडूक बटाट्यासारखा निघायचा आणि पिंगळाही बटाट्यासारखाच. ती काठावर पालथी पडली, मान आत घातली, आणि मी डोणीला पाठ लावून वही उघडली. गुरुजी विहिरीच्या दुसऱ्या अंगाला पोरांना खंड्याचं बीळ दाखवत होते.

"सांग न वं," मी हाक मारली.

"थांब जरा. पारवे हायेत. दोन. नाई, तीन. एक अंड्यावर बसला हाय."

"कोन्या दगडात?"

"वरून तिसऱ्या. तुमच्या अंगानं."

"पानी?"

"लय खोल. आभाय दिसते त्याच्यात. माहं डोस्कं बी दिसते." मग जरा थांबून, "तुहं नाई दिसत."

"माहं कसं दिसन, मी इथं हाय."

"हो न," ती म्हणाली, जणू हे तिला आत्ताच कळलं.

तिनं सांगत जावं आणि मी काढत जावं. पारव्याची मान, बेडकाची बसायची कपार, पाण्यावर वाकडा चालणारा साप, दगडावरच्या दोराच्या खाचा. मग ती म्हणाली, "एक झाड हाय लहानसं. लय सुंदर हाय वं. सगळ्या फटीफटीत हाय."

"कसं हाय?"

"पानं कोथमिरीवानी. पन त्याहून नाजूक. देठ काये कुट्ट, केसावानी, चमकते."

"फूल?"

"नाई."

"केवढं?"

"वीतभर असन."

मी ते फार मन लावून काढलं. फटीतून वर येणारा काळा देठ, त्याला दोन्हीकडं फुटलेले बारीक देठ, टोकाटोकाला पंख्यासारखं पान. शिसं जिभेला लावून देठ काळे केले. जिभेवर त्याची तुरट चव. उठून आल्यावर सुशीच्या कोपरांना शेवाळ लागलं होतं. तिनं वहीत पाहिलं न पाहिलं आणि म्हणाली, "अस्संच हाय."

त्यानंतर एकटी बसून मी ते पान कितीदा तरी उघडून पाहिलं. माझ्या वहीतलं ते सगळ्यांत चांगलं चित्र होतं. आजही आहे.

*

डिप्टी साहेब वैशाखात आले. काळी टोपी, काळी छत्री, हिंदी-मराठी मिसळून बोलणं. माणूस वाईट नव्हता. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता आणि वर माझी.

त्यांनी नाल्याचं पान पाहिलं, किड्याची सावली पाहिली. "वा, बेटी." वारूळ. ढोली. भेगेच्या पानावर मी कानही काढला होता, ते हसले. मग विहीर. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा हंसराज," ते म्हणाले. त्या झाडाचं नाव मला तेव्हा कळलं. "आमची आजी खोकल्याला ह्याचा काढा द्यायची. बहुत अच्छा. पण बेटी, हा असा उभा कसा?"

मला प्रश्नच कळला नाही. झाड उभंच असतं.

"विहिरीत हा लोंबतो," ते म्हणाले. "खाली तोंड करून. तू स्वतः पाहिलास ना?"

मी म्हटलं, "हो."

त्या एका शब्दाची चव मला अजून आठवते. शिशासारखी.

"चला तर, दाखव आम्हाला," ते उत्साहानं म्हणाले आणि छत्री उघडली. शंका घ्यायची म्हणून नव्हते म्हणाले ते, मला वाटतं त्यांना आजीचा हंसराज पाहायचा होता. आम्ही सगळे निघालो. साहेब, गुरुजी, सुशी, मी, मागं अर्धा वर्ग. सवयीनं माझे हात पाठीमागं बांधलेले. दुपारचं ऊन. विहिरीवर सुशीचे आजोबा, गावात त्यांना सगळे आबाजी म्हणत, लोटा घेऊन पाय धूत उभे होते.

डोणीजवळ मी थांबले. कोणी थांब म्हटलं नाही. पाय थांबले.

साहेब सहा-सात पावलं पुढं गेले आणि वळले. "ये ना, बेटी. कुठल्या दगडात?"

"वरून तिसऱ्या दगडात पारवा हाय," मी म्हणाले. "त्याच्या खाली फटीत ते झाड."

"इथं येऊन दाखव."

आबाजींनी लोटा खाली ठेवला. दगडावर तांब्याचा आवाज झाला. बाभळीवरच्या सुगरणी एकसारख्या चिवचिवत होत्या. सुशी काठाशी उभी होती, ती माझ्याकडे पाहत होती, मग आबाजींकडे, मग स्वतःच्या पायांकडे. मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी भिंगाच्या पिशवीची गाठ सोडत होते आणि परत बांधत होते.

"क्या हुआ?" साहेब म्हणाले. "मास्तर, ही पुढं का येत नाही?"

मग गुरुजी बोलले, तसाच मऊ आवाज.

"लाजाळू आहे, साहेब. हात चांगला आहे तिचा. पण हे पान तिनं... न पाहता काढलं असावं."

साहेबांनी मान हलवली. त्यांना काय कळलं, काय नाही, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी स्वतः वाकून हंसराज पाहिला, "हां, हां, हाच," म्हणाले, आणि आम्ही शाळेत परतलो. गुरुजींनी लाल पेन्सिलीनं त्या पानाच्या खाली तीन शब्द लिहिले. साहेबांनी सही केली.

'न पाहता काढले.'

वही माझ्याजवळ अजून आहे. लाल रंग आता विटकरी झालाय. मी पुढं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, म्हणून सांगते, तो शेरा खोटा नव्हता. त्याच्या पुढचं वाक्य गुरुजींनी लिहिलं नाही, एवढंच.

नाव सुशीचं गेलं. तिच्या वहीत सगळे बटाटे होते, पण सगळे पाहिलेले. तिला तिच्या घरच्यांनी पाठवलं नाही. आबाजी म्हणाले म्हणे, पोरीनं परक्या ठिकाणी राहून जेवायचं म्हणजे काय. जागा त्या वर्षी रिकामी राहिली.

घरी आले तेव्हा आई चुलीशी होती. तिनं विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

ती उठली नाही. थोड्या वेळानं पेटीतले परकर काढून तिनं दांडीवर टाकले. पुढं त्या पेटीत तुरीची डाळ राहायची. कडी तशीच होती, आतला निळा रंगही. डाळ काढायला हात घातला की बोटांना किंचित निळं लागायचं.

मी रडले का, ते आठवत नाही. रडले असते तर आठवलं असतं. गुरुजींची त्याच उन्हाळ्यात बदली झाली. जाताना ते मोहल्ल्याच्या टोकापर्यंत आले होते, असं बाबा सांगायचे. तिथून परत गेले.

*

दोन वर्षं मी वेचणीला गेले. हात पुढं. मग एका दसऱ्याला आमचा सगळा मोहल्ला पांढरे कपडे घालून नागपूरला गेला, आणि परत आला तो दुसरी माणसं होऊन आला. घरातले देव गेले. त्यानंतर आमच्या बाया डोणीजवळ उभ्या राहिल्या नाहीत. मोहल्ल्यानं आपली विहीर आपण खोदली. बाबा जिनातून येऊन कुदळ घ्यायचे. पाणी लागलं त्या दिवशी मी त्या विहिरीत पहिल्यांदा वाकून पाहिलं. स्वच्छ होती, दगडसुद्धा नवे. नव्या विहिरीत काही उगवलेलं नसतं.

बाबांनी मला हिंगणघाटला आत्याकडे ठेवलं. पुढं नागपूर. आमच्या मोहल्ल्यातली पहिली बी.एस्सी. मी. ह्यात संकोच करण्यासारखं काही नाही, म्हणून सांगते. पदवी घेऊन आले तेव्हा आईनं तो कागद पाण्याच्या भांड्यांपासून लांब, सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एकदा ट्रेमध्ये हंसराज आला. त्याचं लॅटिन नाव सरांनी फळ्यावर लिहिलं. मी त्याच्याकडे पाहत बसले. काळे देठ, केसावानी, चमकते. पानं कोथमिरीवानी. सुशीनं एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. पानाच्या कडा खाली दुमडलेल्या होत्या, त्यात बीजाणू असतात. मी जर्नलच्या पानावर वरच्या कडेला दगडाची फट काढली आणि त्यातून लोंबणारा हंसराज काढला. सर मागून आले.

"हे काय उलटं काढलंय?"

"लोंबतो, सर."

"पुस्तकात बघा. उभाच काढतात."

सगळ्या वर्गानं उभा काढला होता. मी खोडरबरानं पुसला आणि उभा काढला, अगदी चौथीत काढला होता तसा. त्यावर बरोबरची खूण आली. पुढं मी स्वतः शिकवायला लागले, आणि मुलांकडून उभाच काढून घेतला, कारण परीक्षकाला उभा लागतो. मुलांना मी पुष्कळ हिंडवलं, नाले, माळ, टेकड्या. विहिरीवर एकदाही नेलं नाही. का, हे मला कोणी विचारलं नाही.

*

"आजी, लवकर आटपा बरं," ट्रॅक्टरवाला मला आणि सोबत आलेल्या सुशीला म्हणाला. "दोन ट्रॉल्या अजून टाकाच्या हाय."

"तुले काय गाडी गाठाची हाय का रे?" सुशी म्हणाली. "सत्तर वर्सं थांबली इहीर, अर्धा घंटा थांबन. जाळी सरकव."

त्यानं कुरकुरत पहारीनं जाळी बाजूला केली. सुशी माझ्या खांद्याला धरून ओट्यावर चढली आणि काठापासून हातभर अंतरावर बसली, पाय पसरून. तिचे डोळे माझ्याकडे होते, पण जरासे बाजूला, माझ्या कानाकडे.

"ये न वं आता," ती म्हणाली. "काऊन थांबली?"

मी डोणीजवळ उभी होते. आता मला अडवणारं तिथं कोणी नव्हतं. आबाजी जाऊन किती वर्षं झाली. ट्रॅक्टरवाला आमच्याच मोहल्ल्यातला निघाला, त्याच्या आजीला मी ओळखत होते. तरी पाय जरा वेळ थांबले, त्यांच्या सवयीनं. मग चालले. सात पावलं.

गुडघे दुमडून बसायलाच मला वेळ लागला. मग हात टेकून पालथी झाले. दगड तापलेला होता, पोटाला चटका बसला. चष्मा पडू नये म्हणून एका हातानं धरला.

"हात मागं, डोये पुढं," सुशी पुटपुटली आणि स्वतःशीच हसली.

मी मान आत घातली.

खालून गार हवा आली, आणि तो वास. शेवाळाचा, ओला. गारवा कानाला नाही, ह्या वेळी तोंडाला लागला. तळाशी थोडं काळं पाणी, त्यात एक चप्पल, प्लास्टिकच्या बाटल्या. पाण्यात आभाळाचा एक तुकडा होता आणि त्या तुकड्यात एक डोकं. माझंच असणार.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. छातीत, घशात, कुठंतरी. येताना बसमध्ये मी रुमाल हाताशी ठेवला होता. काही झालं नाही. मी एक विहीर पाहत होते. पोटाला दगड भाजत होता.

"सांग न," मागून सुशी म्हणाली.

"काय सांगू?"

"काय हाय ते. मले कुठं दिसते आता? पारवे हायेत का?"

"नाहीत. घरट्याच्या काटक्या आहेत. वरून तिसऱ्या दगडात."

"आनि ते?"

ते होतं. तिसऱ्या दगडाखाली, चौथ्याखाली, जिथं जिथं फट होती तिथं. मुरमाची धूळ वरच्या पानांवर बसली होती, खालची पानं हिरवीगार, ओली.

"आहे," मी म्हणाले.

"लोंबते का?"

"लोंबतं."

मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. वळून पाहिलं तर ती हातानं ओट्याचा दगड चाचपत होती, दोराच्या जुन्या खाचेवरून बोट फिरवत होती, पुढं, मागं.

"मी सगळं सांगतलं तुले त्या दिवशी," ती म्हणाली. "पानं सांगतली. देठ सांगतला. कोथमिरीवानी म्हटलं, केसावानी म्हटलं. लोंबते, एवढं सांगाचं राह्यलं." बोट खाचेत थांबलं. "मले वाटलं, इहिरीतलं लोंबतेच. त्याच्यात सांगाचं काय. तुले कसं माहीत असन, हे मनातच नाई आलं."

"मीच विचारलं नाही," मी म्हटलं.

"तू कशी इचारशीन? तुले त झाड म्हटलं का उभंच." मग खाचेतून बोट काढून, "समुद्रपूरले होती तवा लय डाव वाटे, कागद धाडाव. पन काय लिहाव त्याच्यात?"

ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. धूर आमच्यापर्यंत आला, डिझेलचा.

"आजी!"

"थांब म्हटलं न तुले!" सुशी ओरडली. मग माझ्या पायाला हात लावून, हळू आवाजात, "घाई नको करू. आता बराबर सांग. वरपासून."

मी चष्मा नीट केला, मान पुन्हा आत घातली, आणि पहिल्या दगडापासून सांगायला लागले.